अवधाण का येते?

अनवाणी चालताना पायात काटा मोडतो, जखम चिघळते आणि दोन-तीन दिवसांत जांघेत अवधाण येते. वर्गातील एका मुलाने मला एकदा विचारले, "गुरुजी, दुखापत पायाला, मग गाठ जांघेत का?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे पुरते उत्तर मिळावयास तीनशेहून अधिक वर्षे लागली.

इटलीतील मिलान शहरी २३ जुलै १६२२ रोजी गास्पारे आसेल्ली हा शल्यवैद्य आपल्या स्नेह्यांसमोर जिवंत कुत्र्याचे विच्छेदन करीत होता. आज आपणांस तो प्रकार निर्दय वाटेल. आतड्यांच्या पडद्यावर त्याला पांढरे दोरे दिसले. एक कापताच दुधासारखा द्रव बाहेर आला. उपाशी कुत्र्यात ते दोरे दिसेनात. पोटभर खाल्लेल्या कुत्र्यात पुन्हा दिसले. अन्नरस वाहून नेणाऱ्या त्या नलिका होत्या. परंतु त्या यकृताकडे जातात, हे जुने मत आसेल्लीने सोडले नाही. ते १६५१ मध्ये फ्रान्सच्या झाँ पेके याने खोडून काढले. हा रस छातीतील मोठ्या नलिकेवाटे वर चढून मानेच्या तळाशी रक्तात मिसळतो, हे त्याने दाखविले. पाठोपाठ स्वीडनचा रुडबेक व डेन्मार्कचा बार्तोलिन यांना शरीराच्या इतर भागांतही अशा नलिका आढळल्या. त्यांतील द्रव मात्र पाण्यासारखा नितळ होता. त्यालाच आपण लसीका म्हणतो.

मार्ग सापडला, पण त्यावरून जाणारे कोण, हे कळले नव्हते. वाटेवरील ग्रंथींत लसीकापेशींची दाटी असते. त्यांचे कार्य काय, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणासही खात्रीने सांगता येत नव्हते. १९५० नंतरच्या दशकात ऑक्सफर्ड येथे जेम्स गोवन्स यांनी उंदरांच्या छातीतील नलिकेतून लसीका बाहेर काढून घेतली, तेव्हा पेशींची संख्या झपाट्याने घटली. त्याच पेशी रक्तात परत सोडल्यावर संख्या टिकून राहिली. म्हणजे त्या रक्तातून लसीकेत व लसीकेतून रक्तात अखंड फेऱ्या घालीत होत्या. या पेशी काढून घेतलेले उंदीर नव्या रोगद्रव्याला नीट प्रतिकार करू शकत नाहीत, हेही पुढील प्रयोगांत दिसून आले.

मुलाचे उत्तर आता देता येते. काट्याबरोबर शिरलेले जंतू लसीकेबरोबर जांघेतील ग्रंथीत येऊन अडतात. तेथे त्यांना ओळखणाऱ्या पेशी वाढू लागतात आणि ग्रंथी सुजते. जंतू नष्ट झाल्यावरही काही पेशी ती ओळख जपून ठेवतात. हीच ओळख रोगाआधी करून देणे, म्हणजे लस टोचणे.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला, तेव्हा याच ठिकाणी, जांघेत वा काखेत, उठणाऱ्या गाठीने माणसे हादरून जात. डॉ. हाफकिन यांनी आपली प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. लसीकापेशींचे कार्य तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हते. अपुऱ्या ज्ञानाचा धोका त्यांनी इतरांच्या आधी आपल्या अंगावर घेतला.

लोकांना ती गाठच वैरीण वाटे. वस्तुतः वैरी पिसवेच्या दंशातून आत शिरलेला असे; गाठ ही त्याला अडवू पाहणारी चौकी होती. पुष्कळदा ती पडली, पण लढल्यावाचून नव्हे.