‘चित्र बघा’ असं सांगणारा लेखक

‘ॲलिस इन वंडरलँड’मध्ये ग्रिफिन येतो, तेव्हा लुईस कॅरल त्याचं वर्णन करत बसत नाही. ग्रिफिन माहीत नसेल तर चित्र बघा, असं कंसात सांगून पुढे जातो. मला हा आळस वाटत नाही. १८६४ साली त्याने छोट्या ॲलिस लिडेलला दिलेल्या हस्तलिखितातही हा कंस आहे. त्यातली ३७ चित्रं त्याचीच. १८६५च्या छापील पुस्तकात ४२ चित्रं आली, ती जॉन टेनिएलची. हात बदलला, कंस तसाच राहिला.

छपाई टेनिएलला पसंत पडली नाही, म्हणून कॅरलने २००० प्रतींची आवृत्ती मागे घेतली. १८७१च्या दुसऱ्या पुस्तकात ॲलिस पानाच्या एका बाजूला आरशात शिरते आणि पान उलटलं की पलीकडे निघते. पान हाच आरसा! त्याच पुस्तकातली केसांचा टोप घातलेली गांधीलमाशी चित्रात उतरणार नाही, असं टेनिएलने कळवलं. कॅरलने तो प्रसंगच गाळला.

आज फोनवर या पुस्तकाच्या निव्वळ मजकुराच्या फुकट प्रती मिळतात. कंस त्यांतही आहे. लेखक बोट दाखवतो, आणि तिथे चित्रच नसतं. माझ्या मते हे पुस्तक अर्धंच आहे.