सदाफुलीची पाने खाऊन मधुमेह बरा होतो का?

जळगाव-धुळ्याकडे अंगणात, कुंडीत, बांधावर सदाफुली बाराही महिने फुललेली दिसते. 'रोज सकाळी अनशापोटी चार पाने खा, शुगर उतरेल' असा सल्ला तुम्हालाही कोणीतरी दिला असेल. तो पाळण्यापूर्वी या झुडपाची तपासणी कशी झाली, ते वाचा.

तपासणीत काय आढळले?

कॅनडातील डॉ. रॉबर्ट नोबल यांच्याकडे 1952 मध्ये जमैकाहून सदाफुलीची पाने आली. तिथेही लोक मधुमेहासाठी त्यांचा काढा घेत. उंदरांना अर्क तोंडाने दिला, तेव्हा रक्तातील साखरेत फरक पडला नाही. शिरेतून दिला, तेव्हा पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने दगावले.

या धोक्यातूनच औषधाचा शोध लागला. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी 1958 मध्ये व्हिनब्लास्टीन वेगळे केल्याचे जाहीर केले. पुढे व्हिनक्रिस्टीन मिळाले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते आजही इतर औषधांबरोबर शिरेतून देतात.

मग पाने खाल्ली तर कर्करोगावर चालतील का?

नाही. एक ग्रॅम व्हिनक्रिस्टीनसाठी शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. प्रत्येक पानात घटक कमी-जास्त असतात. दवाखान्यात मात्र डोस मोजून, रक्ततपासणी करून देतात.

'प्रयोगशाळेत गुण आला' म्हणजे काय?

शिरपूर, फैजपूर, जळगाव इथल्या फार्मसी महाविद्यालयांतही औषधी वनस्पतींच्या प्राथमिक चाचण्या होतात. साधारण क्रम असा:

1. वनस्पतीची खात्रीशीर ओळख पटवणे
2. पाने वाळवून पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये अर्क काढणे
3. अर्कातील घटक तपासणे
4. जंतूंवर, पेशींवर, मग प्राण्यांवर प्रयोग
5. माणसांवर टप्प्याटप्प्याने चाचण्या

नंतरच्या काही प्रयोगांत सदाफुलीच्या अर्काने प्राण्यांची साखर कमी झाली आहे. पण माणसांसाठी सुरक्षित डोस मोठ्या चाचण्यांतून ठरलेला नाही. म्हणून 'उंदरात गुण आला' ही बातमी वाचून स्वतःवर प्रयोग करू नका.

धोका कोणाला जास्त?

- मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना: साखर अचानक उतरू शकते.
- गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांना: सदाफुली पूर्ण टाळा.
- केमोथेरपी सुरू असलेल्यांना, तसेच यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना.

घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. साखर 70 च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. 108 ला फोन करा.

तुम्ही काय कराल?

पाने किंवा काढा घेत असाल तर डॉक्टरांना न संकोचता सांगा. त्यावरून ते तुमचे रिपोर्ट नीट समजू शकतील. सुरू असलेली गोळी मनाने बंद करू नका. घरातल्या आजी-आजोबांनाही समजावून सांगा. अंगणातली सदाफुली उपटायची गरज नाही. ती तिथेच फुलू द्या.