लोणावळ्यातील प्रार्थनासभा आणि मुक्ती मिशनचे बदलते बेत

बोरघाटातील लोहमार्ग 1863 मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि मावळ तालुक्यातील लोणावळे हे घाटमाथ्यावरचे लहानसे गाव काही वर्षांतच रेल्वेचे गाव बनले. इंजिनांचा कारखाना, रेल्वेची शाळा आणि प्रोटेस्टंट व रोमन कॅथलिक अशी दोन्ही पंथांची प्रार्थनामंदिरे यांची नोंद 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आढळते. थंड हवा, दाट झाडी आणि मुंबई व पुणे या दोन्ही शहरांतून येणारी थेट आगगाडी यांमुळे अमेरिकन मेथडिस्ट पंथीयांना उन्हाळी 'कॅम्प मीटिंग'साठी हे ठिकाण सोयीचे वाटले. कॅम्प मीटिंग म्हणजे उघड्यावर वा तंबूंत राहून कित्येक दिवस चालवायची प्रार्थनासभा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील केंटकीसारख्या नव्या वस्त्यांच्या प्रदेशांत ही प्रथा रूढ झाली आणि मिशनऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून सह्याद्रीत आली.

या सभांना येणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत त्यांनी उच्चवर्णीय विधवांसाठी शारदा सदन ही निवासी शाळा काढली आणि 1890 मध्ये ती पुण्यास हलवली. तिच्या खर्चाची दहा वर्षांची हमी बॉस्टन येथे स्थापन झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनने घेतली होती, आणि सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळावी, असे धोरण ठरले होते. परंतु काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वळल्याचे दिसताच 'केसरी' या मराठी वृत्तपत्राने टीकेची झोड उठवली आणि 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. या पार्श्वभूमीवर 1895-96 च्या सुमारास लोणावळ्याच्या सभेत रमाबाईंनी आपल्याबरोबरच्या पंधरा ख्रिस्तनिष्ठ मुलींचा विचार करून या संख्येचा वर्ग व्हावा, म्हणजे पुढील सभेपर्यंत आध्यात्मिक कन्यांची संख्या दोनशे पंचवीस व्हावी, अशी प्रार्थना केली. धर्मांतर हे या कार्याचे उघड उद्दिष्ट बनत चालले होते, हे या प्रार्थनेवरून स्पष्ट दिसते. ते झाकून ठेवल्याने रमाबाईंचा गौरव वाढत नाही आणि तेवढ्यावरच त्यांच्या कार्याचे मूल्य ठरवणेही न्याय्य नाही.

त्या काळात रमाबाईंसमोरचा बेत मात्र अगदी निराळा, व्यवहारी स्वरूपाचा होता. असोसिएशनची हमी 1898 मध्ये संपणार असल्याने पुण्याच्या पूर्वेस, त्याच लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली. तेथे फळबाग लावावी, विहिरी खोदाव्यात आणि बागेच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, असा त्यांचा हिशेब होता. झाडे फळाला येण्यापूर्वीच 1896 चा दुष्काळ पडला. 1870 च्या दशकातील दुष्काळात आई, वडील व बहीण गमावलेल्या रमाबाईंना स्वस्थ बसणे शक्य नव्हते. मध्य प्रांतात स्वतः जाऊन त्यांनी निराधार मुली व तरुण विधवा आणल्या आणि थोड्याच महिन्यांत सुमारे तीनशे जणींचा भार त्यांच्यावर पडला. लोणावळ्यातील प्रार्थनेचे हेच उत्तर होय, अशी त्यांची श्रद्धा होती. इतक्या मुलींना पुण्यात ठेवणे अशक्य झाले, कारण 1897 च्या आरंभी शहरात प्लेग शिरला होता आणि नव्या मुलींना सदनात घेण्यास अधिकाऱ्यांची मनाई होती. अशा रीतीने फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर प्रथम तात्पुरता निवारा आणि 1898 पासून 'मुक्ती' या नावाने स्वतंत्र संस्था उभी राहिली. पुढे गुजरातेत 1899-1900 चा दुष्काळ पडल्यावर रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांचे रोजचे जेवण, पाणी, औषधपाणी आणि शिक्षण यांची व्यवस्था हाच मुक्तीच्या इतिहासाचा गाभा आहे. पुनरुज्जीवनाच्या, म्हणजे 1905 मध्ये तेथे उसळलेल्या सामूहिक भक्तिभावाच्या लाटेची चर्चा परदेशात जितकी झाली, तितकी या रोजच्या कामाची झाली नाही, ही खेदाची गोष्ट आहे. मुली धान्य निवडत, दळण व स्वयंपाक करत, गाईगुरांची निगा राखत, शेतात राबत, हातमागावर कापड विणत, शिवण शिकत, तेल गाळत. दुष्काळातून आलेल्या मुलीला अक्षरओळख आणि हातास एखादा धंदा ही दोन्ही मिळावीत, असा या योजनेचा पाया होता. अंध मुलींना रमाबाईंची कन्या मनोरमा ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावाची लिपी, शिकवत असे. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' हे वेगळे घर होते. या सर्वांत छापखाना सर्वांत महत्त्वाचा ठरला: खिळे जुळवण्यापासून छपाई व बांधणीपर्यंतची कामे तेथे स्त्रियाच करू लागल्या, आणि साध्या स्त्रियांना समजेल अशा मराठीत बायबल आणावे म्हणून हिब्रू व ग्रीक शिकलेल्या रमाबाईंनी केलेला अनुवाद याच छापखान्यात छापला गेला.

मुक्तीला परदेशी मिशनची शाखा म्हणणे चुकीचे होईल. मिनी एब्रम्स यांच्यासारख्या अमेरिकन मेथडिस्ट कार्यकर्त्या तेथे राबल्या, देणग्याही समुद्रापलीकडून आल्या. तरी कोणाला आत घ्यायचे, कोणता धंदा शिकवायचा आणि बेत केव्हा बदलायचा याचे निर्णय एका मराठी स्त्रीच्या हाती होते. संस्थेचे स्वरूप दुष्काळाने आणि प्लेगने ठरवले. दूरच्या समितीने आखून दिलेल्या आराखड्यापेक्षा समोरच्या गरजेला येथे अधिक मान मिळाला, आणि संस्था टिकली ती यामुळेच.

5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले. त्यांचे संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. मुक्तीचा इतिहास केडगावापुरता लिहिण्याची रीत आता सोडायला हवी. मावळच्या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी लोणावळ्याच्या रेल्वे वसाहतीबरोबरच तेथील उन्हाळी प्रार्थनासभांचाही मिशनांच्या अहवालांतून आणि जुन्या वृत्तपत्रांतून शोध घ्यावा.