शितावरून भाताची परीक्षा?

आपला गोंदिया भाताचा जिल्हा. शितावरून भाताची परीक्षा आपण घरीच शिकतो. पण दोन संगणक-प्रोग्रॅम एकच काम करतात काय, हे असे ठरविता येईल?

एखाद्या संख्येच्या वर्गात तीच संख्या आणि ४१ मिळवा. आलेली बेरीज मूळसंख्या आहे काय, हे पहिला प्रोग्रॅम तपासून सांगतो. दुसरा काहीच न तपासता ‘होय’ म्हणतो. ० ते ३९ पर्यंत दोघांची चाळीसही उत्तरे जुळतात! ४० घेतले की बेरीज येते १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. तेथे दुसऱ्याचे पितळ उघडे पडते.

मग कोणत्याही दोन प्रोग्रॅमचा निवाडा करणारी एखादी हमखास रीत असेल काय? नाही. १९३६ साली अमेरिकेत अलोंझो चर्च यांनी गणिती सूत्रांच्या जोड्यांबाबत हे सिद्ध केले. त्याच वर्षी इंग्लंडचे ॲलन ट्युरिंग यांनी गणनयंत्रांच्या मर्यादा दाखविल्या. कारण असे : तशी रीत मिळालीच, तर तिचा निकाल पाहून नेमके उलट वागणारा प्रोग्रॅम रचता येतो.

म्हणून प्रयत्न थांबले नाहीत. पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या टाटा संशोधन केंद्रात प्रोग्रॅम तपासणारी साधने घडली. प्रत्येक जोडीचा निकाल लागेलच असे नाही. पण एखाद्या विशिष्ट जोडीची समानता तर्काने सिद्ध करता येते.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, उत्तर जुळले म्हणून थांबू नका, कारण लिहा. आणि पालकहो, मुलांना उत्तराबरोबर ‘कसे?’ हेही विचारा.