एलिया संदेष्टा आणि आपला कोकणकिनारा

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आम्ही वाचकांपुढे एका शेजारच्या श्रद्धेचा इतिहास ठेवीत आहो. यहुदी, ख्रिस्ती व मुसलमान या तिन्ही समाजांस पूज्य असलेली स्थळे म्हटली की मन यरुशलेमकडे धाव घेते. परंतु त्या परंपरेचा एक धागा आपल्या कोकणकिनाऱ्यासही येऊन मिळाला आहे, हे थोड्यांसच ठाऊक असेल.

मुरब्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस मुंबईपलीकडे गेले की अलिबाग लागते. तेथून जवळच खंडाळे गावी एक खडक आहे. त्यास बेने इस्राएल लोक ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात. एलिया संदेष्टा येथे प्रगट होऊन स्वर्गी गेला व त्याच्या रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा खडकावर उमटल्या, अशी त्यांची श्रद्धा आहे. या समाजाचे पूर्वज नवगावजवळ तारू फुटून किनाऱ्यास लागले, असे परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा करून शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांस गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी. आडनावे दिवेकर, पेणकर, केहिमकर अशी गावांवरून पडलेली. नवस फेडताना किंवा मंगलकार्यात ते पोहे, साखर, खोबरे व फळे यांचा मलिदा मांडून एलियाचे स्मरण करितात.

हा एलिया आपणांसही परका नाही. कार्मेल पर्वतावर बआलाच्या पुरोहितांसमोर खऱ्या देवाची साक्ष देणारा, अग्निरथातून वर गेलेला व प्रभूच्या रूपांतरसमयी मोशेसह दिसलेला, तो हाच. कुराणात तो इल्यास या नावाने येतो. पॅलेस्टाईनमध्ये त्याची आठवण अल-खिद्राच्या आठवणीशी मिसळून गेली. आणि हिंदुस्थानात ख्वाजा खिज्र म्हणजे जलप्रवाशांचा रक्षक. दर्यावर पोट असणाऱ्या आपल्या किनाऱ्यास त्याचे मोल निराळे सांगावयास नको.

कार्मेलच्या पायथ्याशी हैफा येथे एलियाची गुहा आहे. तेथे यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान व द्रूझ असे चारही समाज नवस करीत आले. तुर्की अमदानीत ती अल-खिद्राच्या नावाने मुसलमानांकडे होती. १९४८ नंतर ती यहुदी प्रार्थनास्थळ झाली. त्याच पर्वतावर तेराव्या शतकाच्या आरंभी कार्मेलवासी संन्याशांच्या संघास नियम मिळाला. एलियास आपला आदिपिता मानणाऱ्या या संघाकडेच इंग्रजांनी १७२० साली मुंबई बेटावरील कॅथलिकांचा धार्मिक कारभार सोपविला. अशा रीतीने एलियाचे नाव आपल्या किनाऱ्यावर दोन वाटांनी आले: एक तेल्याच्या घाण्यापाशी, दुसरी मठवासीयांबरोबर.

परंतु स्थळ सामायिक असले म्हणजे सलोखा आपोआप नांदतो, असे नाही. हेब्रोन येथे तिघांचाही पिता जो अब्राहाम, त्याची कबर आहे. तेराव्या शतकात मामलूक सुलतानाने यहुदी व ख्रिस्ती यांस आत जाण्यास मनाई केली. यहुद्यांस सातव्या पायरीपर्यंतच येऊ देत, आणि हे १९६७ पर्यंत चालले. १९२९ साली त्या शहरात ६७ यहुदी मारले गेले; १९९४ साली नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांस एका यहुद्याने गोळ्या घातल्या. त्यानंतर ती वास्तू दोन समाजांत वाटली गेली. आपण ख्रिस्ती लोकही निर्दोष नाही. गोव्यात १५६० साली स्थापन झालेल्या इंक्विझिशनने यहुदी वंशाच्या नवख्रिस्त्यांचा छळ केला, हे विसरून ज्युबिली साजरी करणे योग्य नव्हे.

तेव्हा स्थळाचे पावित्र्य पूजा करणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून नसून, किल्ली ज्याच्या हाती आहे त्याच्या वर्तनावर अवलंबून आहे, असे आम्हांस वाटते. किल्ली तर हातोहात फिरतेच. १९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलास गेले. तेथेही त्यांच्या यहुदीपणाविषयी धर्माधिकाऱ्यांनी शंका घेतली; ती १९६४ साली दूर झाली. कोकणात त्यांची घरे थोडी उरली. त्यांच्या स्थळांची कदर आता शेजाऱ्यांनीही राखावयाची आहे.

आपली श्रद्धा पातळ करून हे साधावयाचे नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत हिंदू व मुसलमान बांधव मेणबत्ती लावितात, म्हणून आपली मरियाभक्ती उणी होत नाही. आपल्या देवालयाची किल्ली आज आपल्या हाती आहे. दाराशी आलेल्या परक्यास सातव्या पायरीवर थांबविणे आपल्या हातून कधी न घडो, हीच या ज्युबिलीच्या वर्षी परमेश्वरचरणी आमची प्रार्थना आहे.