आग रामेश्वरी, बंब मात्र शेजारचा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त घरचंच आहे, पण विषय इतिहासाचा आहे, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

दोन वर्षांपूर्वीची जानेवारीतली रात्र. आम्ही न्यू जर्सीतल्या एका छोट्या गावात राहतो. मुलगी चार महिन्यांची होती आणि तिच्यासाठी आई साताऱ्याहून आली होती. रात्री एकच्या सुमाराला कपड्यांच्या ड्रायरमागून जळका वास यायला लागला. नळीत साठलेल्या धाग्यांच्या भुश्शाने पेट घेतला होता आणि धूर भिंतीतून वर चढत होता. बायको मुलीला दुलईत गुंडाळून बाहेर पळाली, मी आईला हाताला धरून बाहेर आणलं आणि ९११ फिरवला. सात-आठ मिनिटांत बंब दारात. पाच-सहा माणसं आत शिरली, भिंत थोडी फोडली, आतली आग विझवली आणि उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने सगळ्या भिंती तपासल्या. तासाभरात काम फत्ते.

हेल्मेट काढल्यावर एकाला मी ओळखलं. आमच्या सिंकची गळती काढून गेलेला प्लंबर! दुसरा कोपऱ्यावरच्या बेगलच्या दुकानातला. आईने थंडीत कुडकुडत विचारलं, "यांना पगार किती रे?" मी तिचा प्रश्न इंग्रजीत त्यांच्यापर्यंत पोचवला. प्लंबर हसला आणि म्हणाला, "शून्य. वर सकाळी सहाला कामावर जायचंय."

सात वर्षं त्या गावात राहत होतो, घराचा टॅक्स भरत होतो. आपलं अग्निशमन दल संपूर्ण स्वयंसेवकांचं आहे हे मला माहीतच नव्हतं. भोंगा वाजायचा तेव्हा मी फक्त मीटिंगचा फोन म्यूट करायचो. मग लाज वाटून वाचायला सुरुवात केली, आणि जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतोय.

सुरुवात बेंजामिन फ्रँकलिनपासून करू. गडी मूळचा बॉस्टनचा. तिथे १७११ साली मोठी आग लागली होती आणि त्यानंतर लोकांनी एकमेकांना मदत करणारी मंडळं काढली होती. फिलाडेल्फियात फ्रँकलिन छापखाना चालवायचा. आपल्याच वर्तमानपत्रात १७३५ मध्ये त्याने आगीपासून सावधगिरीबद्दल एक पत्र छापलं आणि ७ डिसेंबर १७३६ ला युनियन फायर कंपनी काढली. 'कंपनी' म्हणजे धंदा नव्हे, मंडळी. आपल्याकडच्या गणेश मंडळासारखी किंवा भिशीसारखी कल्पना करा. सभासद जास्तीत जास्त तीस. प्रत्येकाने कातड्याच्या बादल्या आणि मजबूत पिशव्या घरी तयार ठेवायच्या. बादल्या पाण्यासाठी, आणि पिशव्या जळत्या घरातलं सामान भरून बाहेर काढायला. दर महिन्याला बैठक. गैरहजर राहिलात तर दंड, आणि त्या दंडाच्या पैशातून शिड्या, आकडे आणि हातपंप! (आपल्या सोसायटीच्या मीटिंगला हा नियम लावला तर लिफ्ट नवीन येईल.)

तीसच्या वर लोक यायला लागले तेव्हा फ्रँकलिनच्या मंडळींनी सांगितलं, तुम्ही तुमची वेगळी कंपनी काढा. तशा एकामागून एक निघाल्या. या कंपन्या झाल्यापासून एका वेळी एक-दोन घरांच्या वर शहराचं नुकसान झालं नाही, असं त्याने म्हातारपणी आत्मचरित्रात अभिमानाने नोंदवलंय.

तेव्हाची पद्धत अशी. विहिरीपासून किंवा नदीपासून आगीपर्यंत माणसांच्या दोन रांगा. एका रांगेतून भरलेल्या बादल्या पुढे, दुसरीतून रिकाम्या मागे. पुढे हातपंप आले. गाडीवर पाण्याची टाकी, दोन्ही बाजूंना लांब दांडे, आणि दोन्हीकडे माणसं उभी राहून आळीपाळीने दांडे खाली दाबणार. काही मिनिटांत हात भरून यायचे, की दुसरी तुकडी लागायची. म्हणजे एका बंबामागे डझनावारी दणकट माणसं हवीत. एवढ्या माणसांना बारा महिने पगार कोण देणार? म्हणून स्वयंसेवक. सेवाभाव होताच, पण त्यामागे हे साधं गणितही होतं.

एकोणिसाव्या शतकात मात्र मोठ्या शहरांत या कंपन्यांचे आखाडे झाले. आगीवर आधी कोण पोचतो याची चढाओढ, हायड्रंट कोणाचा यावरून मारामाऱ्या, आणि घर बिचारं जळतंय! राजकारणही आलंच. न्यूयॉर्कचा कुप्रसिद्ध पुढारी बॉस ट्वीड अमेरिकस नावाच्या सहा नंबरच्या फायर कंपनीचा म्होरक्या होता, त्याची राजकीय वाटचाल तिथूनच सुरू झाली. मंडळाचा अध्यक्ष पुढे नगरसेवक होतो, हे आपल्याला काही नवीन नाही.

याचा शेवट भाषणांनी झाला नाही, मशीनने झाला. सिनसिनाटी शहराने वाफेवर चालणारा बंब घेतला आणि १ एप्रिल १८५३ ला पगारी अग्निशमन दल सुरू केलं. डझनावारी हातांचं काम वाफेचं इंजिन करायला लागलं. आता थोडीच माणसं पुरणार होती, आणि थोड्या माणसांना पगार देणं शहराला परवडत होतं. न्यूयॉर्कने १८६५ मध्ये आणि फ्रँकलिनच्या फिलाडेल्फियाने १८७१ मध्ये तोच मार्ग धरला. ऑटोमेशनने नोकऱ्या जातात हे आपण रोज ऐकतो. इथे ऑटोमेशनने फुकटचं काम गेलं आणि नोकऱ्या आल्या!

आमच्या धंद्यातल्या लोकांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट. बॉस्टनमध्ये १८५२ साली चॅनिंग आणि फार्मर या दोघांनी तारायंत्रावर चालणारी आगीची सूचना देणारी यंत्रणा उभी केली. रस्त्यारस्त्यावर पेट्या आणि प्रत्येक पेटीला नंबर. आतला दांडा फिरवला की नंबराचे ठोके तारेवरून थेट जायचे. पुढे छोट्या गावांत तेच नंबर भोंग्यावर वाजायला लागले. समजा दोन, मग चार, मग तीन वाजले, की घराघरातला माणूस ठोके मोजून आग कुठल्या कोपऱ्यावर आहे ते ओळखायचा. भोंग्याच्या जागी पुढे पेजर आले, आता मोबाइलवरही सूचना येते. मीसुद्धा ऑन-कॉल असतो. फरक एवढाच, की माझा पेजर वाजला तर कोणाचा तरी रिपोर्ट अडलेला असतो. त्यांचा वाजला तर कोणाचं तरी घर पेटलेलं असतं.

मग छोटी गावं स्वयंसेवकांवरच का राहिली? कारण त्यांचं गणित बदललंच नाही. वर्षाला थोडे कॉल, पण ते केव्हा येतील याचा नेम नाही. चोवीस तास पगारी माणसं बसवायची तर टॅक्स कुठच्या कुठे जाईल. हे लोक हलक्यातलं काम करतात असं मात्र समजू नका. पेनसिल्व्हेनियातलं शँक्सव्हिल हे जेमतेम अडीचशे वस्तीचं गाव. ११ सप्टेंबर २००१ ला फ्लाइट ९३ गावाबाहेरच्या शेतात कोसळलं तेव्हा धावले ते तिथले स्वयंसेवक. टेक्ससमधल्या वेस्ट या गावात १७ एप्रिल २०१३ ला खताच्या गोदामाला आग लागली आणि अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. मेलेल्या १५ जणांपैकी १२ जण आग विझवायला आणि मदतीला गेलेले होते, आणि त्यांतले बहुतेक स्वयंसेवक. हे वाचताना मुंबईची गोदी आठवल्याशिवाय राहत नाही. १४ एप्रिल १९४४, फोर्ट स्टिकिन जहाज, आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान. आपल्याकडे त्यांच्या आठवणीत दर वर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. मुंबईचे लोक पगारी होते, वेस्टचे बिनपगारी. आगीने फरक केला नाही.

आता मूळ मुद्दा. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या आकड्यांनुसार १९८४ मध्ये अमेरिकेत सुमारे ८,९७,७५० स्वयंसेवक होते. २०२० मध्ये उरले ६,७६,९००. तरीसुद्धा ते देशातल्या एकूण फायरफायटरांच्या जवळजवळ दोन तृतीयांश भरतात! याच काळात लोकसंख्या साडेतेवीस कोटींवरून तेहतीस कोटींवर गेली. कॉलही कितीतरी वाढले, त्यांत वैद्यकीय मदतीचेच जास्त. प्रशिक्षणही आता बादली उचलण्याइतकं सोपं राहिलं नाही. आमच्या राज्यात जळत्या घरात शिरायचं तर फायरफायटर १ हा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, म्हणजे कित्येक महिने संध्याकाळी आणि शनिवारी वर्ग.

पण खरी अडचण वेगळीच आहे. पूर्वी माणूस गावात राहायचा आणि गावातच काम करायचा. भोंगा वाजला की दुकानाला कडी लावून धावायचा. आता गावात आमच्यासारखे लोक राहायला आले. सकाळी ७:१० च्या ट्रेनने जाणारे आणि रात्री परत येणारे. घरांच्या किमती आमच्यामुळे वाढल्या, आणि त्या प्लंबरच्या मुलाला आता या गावात घर घेणं परवडत नाही. तो गेला की त्याच्याबरोबर एक फायरफायटरही गेला. हे मला आमच्या दलाच्या प्रमुखांनी सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही, हवामान सांगावं तसं.

आगीनंतरच्या रविवारी आईने बेसनाचे लाडू केले आणि आम्ही ते घेऊन फायर हाऊसवर गेलो. भिंतीवर जुने फोटो होते. आयरिश, इटालियन, पोलिश नावं, वडील, मुलगा, नातू. आपल्यासारखं एकही नाव नव्हतं. गावात दर पाचवं घर देशी आहे!

येताना गाडीत आई म्हणाली, "आमच्याकडं गंज पेटली तर कुणी बोलवायची वाट बघायचं का? हंडा-कळशी जे हाताला लागेल ते घेऊन सगळी आळी धावायची. तू का नाही जात?"

मी म्हटलं, "आई, मला ऑफिस असतं."

"त्या प्लंबरला नव्हतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्याच महिन्यात अर्ज भरला. बायकोने आधी साफ नकार दिला, मग विम्याचे सगळे कागद वाचून परवानगी दिली. अभ्यासक्रम यंदा पुरा झाला. मी काही शूरवीर वगैरे नाही. बहुतेक वेळा खोटे अलार्म असतात, नाहीतर रस्त्यावरचे अपघात, आणि परत आल्यावर पाइप धुऊन वाळत घालायचे. पहिल्या खऱ्या आगीत माझे गुडघे कापत होते. शेजारी तोच प्लंबर होता. तो फक्त म्हणाला, "माझ्या खांद्यावर हात ठेव आणि चल."

प्रत्येकाने आत शिरलंच पाहिजे असं नाही. हिशेब ठेवायला, रेडिओ आणि कॉम्प्युटर बघायला, वर्गणी गोळा करायलाही माणसं लागतात. ऑक्टोबरात फायर हाऊस सगळ्यांसाठी उघडं ठेवतात. मुलांना बंब दाखवायला आपण जातोच, या वेळी तिथे दोन मिनिटं जास्त थांबून विचारा, माणसं पुरेशी आहेत का. आणि हो, आज झोपायच्या आधी ड्रायरची मागची नळी साफ करा आणि स्मोक अलार्मचं बटण दाबून बघा.

आपली म्हण आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आमच्या गावात आजवर बंब वेळेवर पोचत आलाय, कारण तो चालवणारा शेजारी राहतो. उद्याही शेजारी कोणीतरी राहत असेलच. तो उठेल की नाही, एवढाच प्रश्न आहे.