पस्तिशीच्या आतला लेखक

आपल्या बेळगावच्या इंदिरा संत यांना ‘गर्भरेशीम’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार १९८४ साली मिळाला, तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या. पती ना. मा. संत यांच्यासोबतचा त्यांचा ‘सहवास’ हा संग्रह तर त्यांच्या तिशीच्या आतच निघाला होता. जी. ए. कुलकर्णी यांना ‘काजळमाया’साठी हाच पुरस्कार १९७३ साली, पन्नाशीत जाहीर झाला, पुढे त्यांनी तो परत केला, हे सर्वश्रुत आहे. मान मिळाला, पण उमेदीची वर्षे सरल्यावर.

ही उणीव भरून काढणारा ‘युवा पुरस्कार’ अकादमीने २०११ पासून सुरू केला. लेखकाचे वय पस्तीस किंवा त्याहून कमी असावे, ही त्याची मुख्य अट. पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट असे त्याचे स्वरूप. वयाच्या या अटीने काहींवर अन्यायही होतो. जी. एं.चा पहिला कथासंग्रह ‘निळासावळा’ १९५९ साली आला, त्याच वर्षी त्यांना छत्तीस वर्षे पूर्ण झाली. आजच्या नियमाने ते बाहेरच राहिले असते.

आपल्यासारख्यांसाठी या पुरस्कारातील सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. तो राज्यानुसार दिला जात नाही, भाषेनुसार दिला जातो. राज्यघटनेतील बावीस भाषा, शिवाय इंग्रजी व राजस्थानी, अशा चोवीस भाषांचा त्यात विचार होतो. म्हणजे मराठी पुस्तक पुण्यात लिहिले की बेळगावात, इंदूरला की बडोद्याला, याने फरक पडत नाही. सीमेचा नकाशा येथे आड येत नाही.

“पण आमच्या मुलांची मराठी शुद्ध कुठे आहे?” असे आपल्या घरांतून नेहमी ऐकू येते. बोलताना कानडी शब्द येतात, हेल वेगळा पडतो, म्हणून मुले लिहायला बिचकतात. त्यांनी या पुरस्काराची मराठी यादी जरूर पाहावी. पहिल्याच वर्षी मान मिळाला तो ऐश्वर्य पाटेकर यांच्या ‘भुईशास्त्र’ या कवितासंग्रहाला. २०१५ साली वीरा राठोड यांच्या ‘सेनं सायी वेस’ला पुरस्कार मिळाला, त्या कवितासंग्रहाचे नावच बंजारा बोलीतले आहे. २०१८ चे मानकरी नवनाथ गोरे आपल्या अगदी शेजारचे, अथणीला लागून असलेल्या जत तालुक्यातले. त्यांच्या ‘फेसाटी’त शिक्षणासाठी धडपडणारा मुलगा दुष्काळी जतच्याच बोलीत बोलतो. २०२४ साली तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला हा मान मिळाला. तयार कपड्यांच्या लाटेत हातचा धंदा जाणाऱ्या शिंप्याची ही कादंबरी, आणि लेखक स्वतः शिंपीकाम केलेला.

या पुस्तकांनी प्रमाण मराठीचे प्रशस्तिपत्र मागितले नाही. ज्या भाषेत जगलो, त्याच भाषेत लिहिले. परीक्षकांनी त्याच भाषेचा मान ठेवला. मग टिळकवाडीच्या, शहापूरच्या, खानापूरच्या बोलण्याला कमी लेखण्याचे कारण काय?

पुरस्काराने संसार चालतो, अशा भ्रमात मात्र कोणी राहू नये. करोनाच्या टाळेबंदीत नवनाथ गोरे यांना शेतमजुरी करावी लागली, हे वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. अकादमी लेखकाला एकदा मान देते. त्याला वाचक देणे, त्याचे पुस्तक विकत घेणे हे समाजाचे काम आहे. ते आपण किती करतो?

आपल्या मंडळांच्या निबंध आणि वक्तृत्व स्पर्धा बहुधा दहावीपर्यंत. तेथे बक्षीस घेतलेली मुले पुढे इंग्रजीतून पदवी घेतात, बंगळूरला किंवा पुण्याला नोकरीस जातात, आणि त्यांची वही कपाटात पडून राहते. युवा पुरस्काराला पुस्तक लागते, आणि पुस्तकाच्या आधी कोणीतरी ती वही वाचावी लागते.

म्हणून गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांत गाण्यांच्या आणि नाटकांच्या सोबतीने एक संध्याकाळ विशी-तिशीतल्या लिहिणाऱ्यांसाठी ठेवावी, असे आम्हाला वाटते. त्यांनी वाचावे, आपण ऐकावे, आणि भाषा दुरुस्त करण्याची घाई करू नये. सीमाभागातल्या चार पिढ्यांनी मराठी राखली ती बोलून आणि भांडून. यापुढे ती लिहूनही राखावी लागेल.